वहिनी, ते दार तूच उघडं ठेवलं होतंस

वहिनी, तुझ्या मातीला मी आले होते आणि तिथे काय करायचं असतं, यातलं मला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. चपला काढायच्या की नाही इथपासूनच घोळ. मी सवयीने काढल्या, तर तुझ्या त्या सुशीलाबाई म्हणाल्या, "अहो ताई, घाला घाला, इथे काटे आहेत." सगळे गायला लागले तेव्हा हात जोडावेत की नुसतं उभं राहावं, ते कळेना. मूठभर माती टाकायची असते एवढं ऐकून होते, ती टाकली. दादा माझ्यापेक्षा स्थिर होता. इतकी वर्षं दर रविवारी तुला उपासनेला सोडून बाहेर टपरीवर पेपर वाचत बसलेला माणूस तो. तुमच्या मंडळींशी त्याची चांगली ओळख झालेली. मी कल्याणहून नौपाड्याला घरी आले आणि आधी डोक्यावरून आंघोळ केली, साडी भिजत टाकली. तुमच्यात सुतक नसेल, माझ्यात आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "करा हो वन्सं, फक्त गीझर लावा, नाहीतर खोकत बसाल."

तिथे चर्चच्या पाळकांनी विचारलं होतं, घरातलं कुणी दोन शब्द बोलणार का म्हणून. दादाने माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले. आयुष्यभर वर्गापुढे गणित शिकवलं, मला बोलायची कसली भीती? म्हटलं, आमची वहिनी सुगरण होती, कुणाला रिकाम्या पोटी परत पाठवलं नाही, आमच्या वडिलांची तिने मनापासून सेवा केली. 'वडिलांची सेवा' एवढं म्हटलं आणि पुढचं अर्धवट टाकून मी खाली बसले. लोकांना वाटलं, नणंदेला रडू आवरेना. तसं काही नव्हतं. जे बोलायला उभी राहिले होते ते सोडून बाकी सगळं बोलून मी बसले होते.

म्हणून आता लिहिते आहे. तुला यातलं सगळं पाठ आहे, पण मी माझ्या तोंडाने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत कधी बोललेले नाही. तेव्हा एकदा बोलू दे.

आप्पांचं डोकं चालेनासं झालं तेव्हा ते तुमच्याकडे डोंबिवलीला होते. मी इथे शाळेत, दादा कंपनीत, म्हणजे दिवसभर घरात तू आणि आप्पा. तुम्हाला मूलबाळ नाही. शेवटी शेवटी आप्पाच तुझं मूल झाले होते. तू त्यांना भरवायचीस, त्यांची नखं कापायचीस, ते मला 'बाई, तुम्ही कोण?' विचारायचे आणि तुला मात्र कुठल्या तरी नावाने हाक मारायचे, कधी आईच्या, कधी आत्याच्या. ते सारखे बाहेर पडायला बघायचे म्हणून दादाने दाराला अगदी वर एक कडी बसवली. आप्पांच्या ती कधी लक्षातच आली नाही. ते खालचं कुलूप खटखटवत राहायचे, दारावर हात आपटायचे आणि दमून परत येऊन बसायचे.

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता. तू घट मांडला होतास, इमारतीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं होतंस. आपल्या घरात दिवेलागणीला दार लावत नाहीत, लक्ष्मी यायची वेळ असते. हा नियम खुद्द आप्पांचा. आम्ही लहान असताना तिन्हीसांजेला कुणी दार ढकललं तरी ते ओरडायचे. तू दिवा लावलास, वरची कडी काढलीस आणि दार सताड उघडं ठेवलंस. आप्पा आतल्या खोलीत झोपलेले होते. बायका येत होत्या, जात होत्या, तू वाकून कुंकू लावत होतीस, केळं आणि पोथी हातात देत होतीस. त्यांच्यामधून आप्पा बाहेर गेले. एक बाई नंतर म्हणाली, आम्हाला वाटलं कुणी पाहुणे निघालेत, मी तर त्यांना बाजूला होऊन वाट दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पत्रीपुलाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला सापडले. अंगावर कुठे मोठी जखम नव्हती. चालून चालून दमले असतील, थंडीत बसले असतील. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

दहाव्याला तू हट्टाने घाटावर आलीस. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. एरवी तुमच्या गॅलरीत पोळीचा तुकडा ठेवायची सोय नाही, आणि त्या दिवशी कावळे भिंतीवर बसून नुसते बघत होते. दादाने हात जोडून काय काय कबूल केलं. मी म्हटलं, आप्पा, तुमची पुस्तकं वाचनालयाला देते. काही नाही. गुरुजी म्हणाले, अजून कुणाचं काही मनात असेल तर बोला. तेव्हा तू पुढे झालीस आणि सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणालीस, "आप्पा, माझं चुकलं." मला वाटलं, आता येईल कावळा. नाही आला. उन्हं वर आली, बाकीची माणसं त्यांचे विधी उरकून निघून गेली आणि शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. रिक्षात तू माझ्या शेजारी होतीस. तू मला म्हणालीस, "बघितलंत ना वन्सं?" मी म्हटलं, "काहीतरीच काय, तुझी काही चूक नाही."

हे वाक्य तेव्हापासून सुरू झालं. येणारा-जाणारा प्रत्येकजण तुला तेच सांगायचा. तुझी काही चूक नाही गं, होणारं होतं ते झालं, त्यांची वेळ आली होती. मी तर सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्याने म्हणायचे. आणि म्हणताना तुझ्याकडे बघायचे नाही.

त्यानंतरची तुझी ती वर्षं मला आठवायलाही नको वाटतात. तुझा गुरुवारचा उपास निर्जळी झाला. घरात माशांचं नाव बंद. आप्पांना बांगडा प्राणापलीकडे प्रिय, म्हणून तू त्यावर पाणी सोडलंस. त्यांचे सदरे दर महिन्याला धुऊन, इस्त्री करून पुन्हा कपाटात. हळदीकुंकू कायमचं बंद. दाराच्या कड्या मात्र वाढत गेल्या. मी बेल वाजवली की आत एकेक कडी निघतानाचा आवाज येत राहायचा आणि मग तुझा चेहरा दिसायचा, दर वेळी आधीपेक्षा पांढरा. आप्पांचं श्राद्ध मी माझ्याकडे करायला लागले तेव्हा तू सकाळीच येऊन पदर खोचायचीस, सगळा स्वयंपाक एकटी रांधायचीस आणि पानं वाढायच्या आधी आप्पांच्या फोटोपुढे जमिनीला नाक घासायचीस. मी स्वयंपाकघरातून ते बघायचे. कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, मला वाईट वाटायचं. खरं सांगू का? बरंही वाटायचं. आप्पांसाठी कुणीतरी काहीतरी भोगतंय, असं.

रक्त कमी झालं म्हणून डॉक्टरांनी तुला इंजेक्शनं लिहून दिली आणि ती द्यायला समोरच्या विंगमधल्या सुशीलाबाई यायला लागल्या. नगरकडच्या, पिढ्यान् पिढ्या ख्रिस्ती, म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. मला पहिल्यापासून त्या आवडल्या नाहीत. फार थेट बोलतात. त्यांनी तुला पहिल्याच आठवड्यात विचारलं, "बाई, तुम्ही जेवत का नाही?" आणि तू त्या परक्या बाईला सगळं सांगितलंस. मला तू हे सांगितलंस तेव्हा मी म्हटलं, मग त्या काय म्हणाल्या? तुझी चूक नाही, असंच ना?

"नाही हो," तू म्हणालीस. "त्या म्हणाल्या, बरोबर आहे बाई, चूक तुमचीच. माणूस तुमच्या ताब्यात होतं, दार तुम्ही उघडं ठेवलंत. आता ही चूक घेऊन तुम्ही कुठवर चालणार, ते बोला."

मी संतापले. म्हटलं, कसली ही बाई! आजारी माणसाशी असं बोलतात? आणि तू चक्क हसत होतीस. "वन्सं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणतरी माझ्याशी खरं बोललं. मला इतकं हलकं वाटलं, मी त्यांना चहा द्यायची विसरले."

मग तू त्यांच्याबरोबर वर्तकनगरला उपासनेला जायला लागलीस. दादा तुम्हा दोघींना गाडीने सोडायचा आणि परतताना तुम्ही नवरा-बायको माझ्याकडे जेवायला यायचात. आपले रविवार असे सुरू झाले. पहिले काही महिने मी कानाडोळा केला. म्हटलं, चार बायकांत बसते, गाणी म्हणते, मन रमतंय तर रमू दे. एका रविवारी मी दादासाठी बांगडे तळत होते, तुझ्यासाठी वेगळी बटाट्याची भाजी केलेली. तू ओट्याशी आलीस, वास घेतलास आणि म्हणालीस, "वन्सं, मला पण एक वाढा."

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. "आप्पांसाठी सोडलं होतंस ना?"

"हो. आता धरते."

दोन खाल्लेस. काटे चोखून खाल्लेस. दादा मान खाली घालून जेवत होता, पण त्याचे डोळे भरले होते ते मी पाहिलं. मी मात्र माझं पान बाजूला सारलं. मला वाटलं, ही बाई आप्पांना विसरली.

बाप्तिस्मा घेतलास तेव्हा नातेवाइकांचे फोन मलाच यायचे. वहिनी बाटली म्हणे? दादाने कशी काय परवानगी दिली? आता नाव काय ठेवलं? टिकली लावते की नाही? मी सांगायचे, नाव सुलभाच आहे, टिकलीचं तिलाच विचारा, आणि दादाला कुणी परवानगी विचारलेली नाही. तुझी बाजू मी घराबाहेर पुष्कळ लढले, वहिनी. घरात मात्र तुझ्याशीच भांडत होते. तू भांडायची नाहीस, हा माझा आणखी एक राग. मी विचारायचे, "तुमच्यात ती कृपा-कृपा करतात, ती म्हणजे नक्की काय? फुकटची माफी?"

"हो, फुकटचीच."

"मी आयुष्यात कुणाला अर्धा मार्क फुकट दिला नाही."

"म्हणून तर पोरं तुम्हाला टरकून असायची," असं म्हणून तू सोलकढी ओतून घ्यायचीस.

आणि मग तो रविवार. आप्पांचं श्राद्ध पुढच्या आठवड्यात होतं. जेवता जेवता तू म्हणालीस, "येते मी सकाळी, स्वयंपाक सगळा करते. फक्त या वर्षी फोटोपुढे नाक घासणार नाही हं, वन्सं. आधीच सांगून ठेवते."

"का?"

"माफी मिळालीय मला."

माझा तोल गेला. "कुणी दिली माफी? वडील माझे होते! दार तू उघडं टाकलंस! माफ करायचं तर मी करीन, दादा करेल. तुझा तो देव मधे कोण आला सगळं माफ करून मोकळा होणारा? त्याला आमच्यापैकी कुणी विचारलं?"

दादाचा हात ताटात थांबला. मला वाटलं, तू आता रडशील, उठून जाशील. तू पाण्याचा घोट घेतलास आणि म्हणालीस, "बोललात एकदाची."

मी भाताचं भांडं जवळ ओढलं.

"मला रोज वाटायचं, वन्सं कधी बोलणार. तुम्ही आपलं सारखं, चूक नाही, चूक नाही. ज्याची चूकच नाही त्याला माफ कोण करणार? तिथे विषयच संपतो. तुम्ही सुटलात आणि मी अडकले." तुझा आवाज अगदी साधा होता, दूधवाल्याचा खाडा सांगावा तसा. "देवासमोर मी रोज म्हणायचे, मला शिक्षा कर. आणि मग शिक्षा मीच द्यायचे. ती कधी पुरायचीच नाही. जेवण सोडलं की वाटायचं, पाणी पण सोडू. पाळक म्हणाले, तुमच्या वाट्याची शिक्षा येशूने त्या क्रुसावर घेतली, संपली. पहिल्यांदा वाटलं, असं कसं? मग म्हटलं, त्याने घेतली असेल आणि तरी मी रोज नवीन घेत बसले, तर मी त्याला खोटंच पाडतेय ना? म्हणून थांबले. एवढंच झालंय. आप्पांना विसरले नाही मी. पण नाक घासायला नाही येणार. त्यांच्या आवडीचं रांधायला येणार."

मी म्हटलं, "आणि आमचं काय?"

"तुमचं तुमच्याजवळ. अर्धं आज बोललात, चूक तुझी म्हणून. उरलेलं अर्धं सावकाश बोला."

"आणि नाहीच बोलले तर?"

"तर नाही. मी त्याच्यासाठी आता अडून बसलेली नाही. पण बोललात तर तुम्हाला बरं वाटेल, वन्सं."

मला हे इतकं लागलं! गुन्हा हिचा आणि बरं मला वाटणार म्हणे. मी भात वाढला, तो जास्तच वाढला, आणि त्या दिवशी तुम्हाला चहा न देता लावून दिलं. पुढच्या रविवारी तू आलीस, जसं काही झालंच नाही. श्राद्धाला आलीस, आप्पांना आवडायची तशी घट्ट गव्हल्यांची खीर केलीस, आणि फोटोला हात जोडून नुसती उभी राहिलीस. बराच वेळ. मग डोळे पुसून पानं वाढायला घेतलीस. तुला त्यांच्यासाठी रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आधीची सगळी रडणी तुझ्या स्वतःच्या चुकीसाठी असायची. हे वेगळं होतं, आणि ते वेगळेपण मला कळलं, पण मी ते कबूल केलं नाही.

त्यानंतर कधीतरी मी अचानक डोंबिवलीला आले होते. कुणाच्या तरी मुंजीचं आमंत्रण होतं तिथेच, वाटेत डोकावले. तुमच्या दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, काकू वरती राण्यांकडे असतील, दुपारच्या तिथेच असतात. मी जिना चढून वर गेले आणि बघते तर काय, राण्यांचं दार सताड उघडं आणि उंबऱ्यात पाटावर तू. पाठ चौकटीच्या एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला, मांडीवर ताट आणि ताटात मेथी. तुझ्यामागे हॉलमध्ये राणे आजोबा, आपल्या आप्पांसारखेच. त्यांच्या सुनेला दुपारी क्लिनिकमध्ये कामाला जावं लागायचं, म्हणून तू तेवढा वेळ बसायला लागली होतीस. मला हे तू कधी सांगितलंही नव्हतंस.

मी उभी होते तेवढ्यात आजोबा छत्री घेऊन दारापर्यंत आले. "चला, ऑफिसला उशीर होतोय."

"हो ना आजोबा," तू म्हणालीस, "तेवढी मेथी निवडून होऊ दे, मग दोघं निघू." ते थोडा वेळ तुझ्या ताटाकडे बघत राहिले. मग परत जाऊन खुर्चीत बसले.

मी म्हटलं, "अगं, दार लावून घे ना! कशाला जीव टांगणीला लावून बसतेस?"

"लावलं की ते घाबरतात, वन्सं. हात आपटतात दारावर. आप्पा नाही का आपटायचे? कडी बिचारी वर आणि ते खाली ठोकत बसायचे." तू एक जुडी सोडलीस. "तेव्हा माझ्या डोक्यातच नाही आलं की आपणच दारात येऊन बसावं. हाकेला हाक मिळते, वारा लागतो, दिसतं सगळं. सुचायला पाहिजे होतं."

हे तू म्हणालीस आणि तुझा हात थांबला नाही. ज्या बाईला आप्पांचं नाव काढलं की घाम फुटायचा, जी बंद दाराच्याही कड्या उठून उठून बघायची, ती दुसऱ्याच्या वडिलांना राखत उघड्या दारात मेथी निवडत बसली होती. मी तुझ्याशेजारी जिन्याच्या पायरीवर टेकले आणि दुसरी जुडी घेतली. मुंजीला उशीर झाला. आपण काय बोललो ते आठवत नाही, मेथीत माती फार आहे असं काहीतरी बोललो असू.

मग तुझं दुखणं आलं. पोटात गाठ निघाली, ती कळेपर्यंत उशीर झाला होता. तू दादाला म्हणालीस, उगाच धावपळ नको. त्या काळात मी एक दिवसाआड यायचे, डब्यात पेज, मऊ भात, कधी तुला झेपेल एवढा कढीचा घोट. येताना वाटेत ठरवायचे, आज बोलायचं. तुमच्या सभेतली मंडळी येऊन प्रार्थना करून जायची, सुशीलाबाई उशाशी बसलेल्या असायच्या, त्या मला बघून उठायच्या आणि म्हणायच्या, बसा ताई, बोला. तुझी नजर माझ्याकडे. आणि मी विचारायचे, "खाल्लंस का काही?" एकदा तर तोंड उघडलं होतं. "वहिनी, ते आप्पांचं—" म्हणाले, आणि तू उशीवरून मान वळवलीस, आणि पुढे माझ्या तोंडून निघालं, "आप्पांचं श्राद्ध या वर्षी लवकर आहे." तू म्हणालीस, "बरं." तुला हसू आलं होतं. मला ओळखून होतीस तू.

तू मागितलं नाहीस एकदाही. मागितलं असतंस तर कदाचित दिलं असतं, किंवा भांडले असते. तू माझ्यावर सक्ती करायची नाहीस, वाट बघत असल्याचंही दाखवायची नाहीस, आणि त्यामुळेच मला ते टाळता आलं.

शेवटच्या भेटीत मी तुझी वेणी घातली. केस फार विरळ झाले होते. तू डोळे मिटून बसली होतीस. चेहऱ्यावर दुखण्याचा ताण होता, पण भीती कुठे दिसली नाही. मी गणित शिकवलं, वहिनी, मला जे सिद्ध करता येत नाही ते मी म्हणत नाही. तुझा देव मला अजूनही पटलेला नाही. पण कड्या वाढवत जाणारी माझी वहिनी मी पाहिली होती आणि ही वहिनीही माझ्या हातांत होती, आणि मधे काहीतरी झालं होतं हे मला नाकारता येत नाही. ते मी केलं नव्हतं, दादाने केलं नव्हतं. आम्ही तर तुला तुझी चूकही धड परत दिली नव्हती.

कालपासून नातेवाईक विचारतायत, दहावं कधी? दादा सांगतो, नाही आहे. माझ्यासमोर एकाला म्हणाला, "तिचं काही राहिलेलं नाही." फोन ठेवून तो माझ्याकडे वळला, आपण बरोबर बोललो ना, असं विचारत असल्यासारखा. मी मान हलवली. तुझं काही राहिलं नाही हे खरंच. राहिलंय ते माझं.

तर ऐक. दार तू उघडं ठेवलंस. आप्पांना सांभाळायचं काम तुझ्यावर होतं आणि त्या संध्याकाळी ते तुझ्याकडून झालं नाही, आणि माझे वडील एकटे, रस्त्याच्या कडेला, थंडीत गेले. मला ते अजून हवे होते. मला 'बाई, तुम्ही कोण?' म्हणत का होईना, हवे होते. ही चूक तुझी होती, वहिनी, आणि मी तुला ती माफ केली आहे. आज नाही. तू राण्यांच्या उंबऱ्यात बसली होतीस तेव्हाच केली असावी. सांगितली नाही, कारण आप्पांचा म्हणून माझ्याकडे तेवढा राग उरला होता. तो दिला की त्यांचं काहीच उरणार नाही, अशी भीती वाटत होती.

एवढं लिहिलं आणि मला रडू आलं. आधी वाटलं, तुझ्यासाठी येतंय. पण ते थांबेना, वहिनी, ते तुझ्याही मागे गेलं. आप्पा गेले तेव्हा मी रडले नव्हते. तेव्हा मी तुझ्यावर रागावले होते, आणि रडायचं राहून गेलं होतं.